डावा हात

टॅक्सीने गचकन ब्रेक मारला आणि वैजयंतीचा डावा हात तिला न विचारता सुटला तो थेट खिडकीच्या काचेवर आदळला. मार नेमका मनगटाच्या हाडावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. उजवीकडे नात, अन्वी, बूस्टर सीटवर पट्ट्यात घट्ट बसलेली होती. तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. स्टिअरिंग आपलं आपणच जरासं डावीकडे वळून थबकलं होतं आणि गाडीतल्या पडद्यावर एक छोटीशी निळी बाहुली रस्ता ओलांडत होती. खरी बाई त्याच वेळी खऱ्या रस्त्यावरून धावत चालली होती. कानांत इअरबड्स, कपाळाला पट्टा. झुडपांच्या आडून, सायकलींच्या त्या लाल रेडवेवरून ती अशी बाहेर पडली होती, की इंग्लंडातलं हे अख्खं मिल्टन कीन्स जसं काही तिच्या व्यायामासाठीच बांधलंय. पलीकडे पोचल्यावर तिने मागे न बघताच हात वर केला. ही इथली रीत. थांबलात, आभारी आहे. मग तिचं लक्ष गेलं, ड्रायव्हरच्या जागेवर कोणीच नाही, आणि वर गेलेला हात तिने केस सारखे करायला वापरला. टॅक्सी गोड, कुणाच्याच नसलेल्या आवाजात म्हणाली की आपण आता पुन्हा निघतो आहोत. आणि निघालीही.

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मनगट ठणकत होतं म्हणून नव्हे. ती बाई तिला दिसली नव्हती, म्हणून. या टॅक्सीत बसायला लागल्यापासून ती रोज डोळ्यांत तेल घालून समोर बघत बसायची, पाय खालच्या चटईवर दाबून, नसलेल्या ब्रेकवर. एकदा, एकदा तरी हिची चूक सापडू दे. आज सापडली ती स्वतःचीच. तिथे पुढे, त्या स्टिअरिंगमागे आपण असतो तर, हा प्रश्न तिने मनात पुरता येऊच दिला नाही. अर्धाच आला आणि तेवढ्यानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेली गाडी बरोबर होती. रोजच बरोबर असते. चुकली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"आजी, तू विंडोला का मारला?" अन्वीने विचारलं. मारलं नाही, लागलं, असं वैजयंती म्हणाली. अन्वीला ते काही पटलं नाही, कारण तिने बघितलं होतं. पण सात वर्षांची पोर, तिने जांभई दिली आणि डोकं सीटला टेकून डोळे मिटले. शाळा येईपर्यंत उरलेली जरा झोप. हे तर वैजयंतीला त्या धावणाऱ्या बाईपेक्षाही लागलं. अन्वी आधी तिच्या गाडीत अशी झोपायची. जुनी निळी होंडा, डावीकडची पुढची सीट, तोंड थोडं उघडं. सून म्हणायची, आई, तिला मागे बसवत जा ना, मागे सेफ असतं. वैजयंती हो म्हणायची आणि पुढेच बसवायची, कारण पुढे बसली की ती हाताशी असे. हाताशी म्हणजे अगदी हाताशीच. ब्रेक दाबला की पायाबरोबर डावा हात आपोआप आडवा जाऊन पोरीच्या छातीवर बसायचा. पट्टा होता, मान्य. पट्ट्याने काय व्हायचं ते होवो, हाताने आपलं काम केलं पाहिजे. आता त्या हाताला काचेशिवाय काही लागत नाही.

हा हात मुळात विष्णूसाठी शिकला होता. विष्णू, तिचा नवरा. पुण्यात स्कूटर दामटलेला, पुढे ऑफिसची फियाट दामटलेला माणूस. पण इथे परीक्षकाशेजारी बसला की त्याला दरदरून घाम फुटायचा. पुन्हापुन्हा नापास झाला आणि एक दिवस म्हणाला, जाऊ दे, तू शीक, मी शेजारी बसतो. आणि बसला तो जन्मभर बसला. वैजयंतीने त्याला ऑफिसला सोडलं, त्याच्या मित्रांकडे लेस्टरला नेलं, ग्लासगोच्या लग्नाला नेलं, शेवटी हॉस्पिटलात नेलं आणि परत आणलं आणि परत नेलं. मोटरवे लागायच्या आत तो घोरायला लागायचा. तिला तेव्हा राग यायचा, की बाई गं, मी इथे एकटी डोळे ताणतेय आणि हा बघा. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की माणसाने तुमच्या शेजारी निर्धास्त झोपावं, याहून मोठं लायसन्स कुणी देत नाही. ते लायसन्स आता अन्वीने या डबड्याला देऊन टाकलं होतं. शाळेपाशी उतरताना पोर खुशाल म्हणाली, "इट्स सो स्मूद, आजी," आणि दप्तर उड्या मारत फाटकातून आत गेलं.

परत तीच टॅक्सी. ती वैजयंतीसाठी थांबलेली असते, कारण अक्षयाने, म्हणजे सुनेने, सकाळीच ऑफिसातून फोनवर जाण्याचं, येण्याचं, दुपारचं पुन्हा आणण्याचं सगळं ठरवून टाकलेलं असतं. वैजयंतीने दार उघडायचं, बसायचं, पट्टा लावायचा. कुठे जायचं हे तिला कोणी विचारत नाही. मुळात तिची गरज एवढ्यासाठीच होती की कंपनीचा नियम आहे, लहान मुलाबरोबर मोठं माणूस पाहिजे. कोणतंही मोठं माणूस. त्याला गाडी चालवता यायला नको, रस्ता माहीत असायला नको, डोळे धड असायला नकोत. अक्षया वाईट नव्हती. पुण्याची पोर, नोकरीवर इथे आली आणि इथलीच झाली, कधी उलट बोलली नाही, अहो आई, तुम्ही, असंच बोलते. तिनेच हा नियम समजावून सांगितला होता, मोठ्या आनंदाने, म्हणजे बघा ना आई, तुमच्याशिवाय होणारच नाहीये. पोत्यावर वजन ठेवतात तसं आपल्याला ठेवलंय, हे वैजयंतीला तेव्हाच कळलं होतं. फक्त बोलायला तोंड उघडलं नाही, कारण जानेवारीपासून तिच्या तोंडाला घरात किंमत उरली नव्हती.

जानेवारीचं ते छोटं राउंडअबाउट आता समोर येत होतं. टॅक्सी तिथे नेहमीसारखी थांबली, नेहमीसारखी जरुरीपेक्षा जास्त थांबली. मागचा व्हॅनवाला वैतागला असणार. उजवीकडून येणाऱ्या एका लाल गाडीने हेडलाइट एकदा चमकवले: जा, मी थांबतो. टॅक्सी ढिम्म हलली नाही. पुन्हा चमकवले. ढिम्म. शेवटी लाल गाडीतला म्हातारा खांदे उडवून निघून गेला आणि वैजयंतीला उगाचच त्याची माफी मागावीशी वाटली. त्याच्या चांगुलपणाचा असा कचरा. पण हाच चांगुलपणा तिला भोवला होता, इथेच, रस्त्यावर रंगवलेल्या या पांढऱ्या ठिपक्याभोवती. उजवीकडून एक राखाडी गाडी येत होती, तिने लाइट मारला, वैजयंती निघाली आणि धाडकन आवाज झाला. कुणाला काही लागलं नाही. दोघांचे पत्रे मात्र चेपले. राखाडी गाडीतून एक कोवळा पोरगा उतरला, चेहरा पांढराफटक, आणि तिचा रंग बघून, कपाळावरची टिकली बघून इंग्रजी विसरून म्हणाला, "काकू, मी तर डिपर दिला होता." नागपूरचा होता. सुश्रुत की काय नाव. इथे येऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्याने नागपूरसारखा डिपर दिला होता, की सरका, मी येतोय. आणि हिने तो इथल्यासारखा घेतला, की या, तुम्ही आधी. पुण्यात असती तर तिनेही जागच्या जागी पाय रोवला असता. इतकी वर्षं राहून ती त्या एका लाइटपुरती पुरती इंग्रज झाली होती, आणि तिला धडकायला नेमकं आपल्यातलंच माणूस यावं. थंडीत दोघं फुटपाथवर उभे होते. पोरगा सारखा सॉरी काकू, सॉरी काकू करत होता आणि उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, म्हणजे कायद्याने चूक वैजयंतीची होती.

लाइटचा हा अर्थ ती इथे पहिल्याच वर्षी शिकली होती. नवीकोरी शिकाऊ, गाडीवर लाल एल, शेजारी शिकवणारा, मागच्या सीटवर विष्णू. एक अरुंद पूल होता, पलीकडून अवाढव्य लॉरी आली आणि तिने भपकन दोन्ही दिवे मारले. पुण्याच्या रस्त्यावर ट्रकने असे दिवे मारले की त्याचा अर्थ एकच, जीव प्यारा असेल तर बाजूला हो. ती आक्रसून बसली. लॉरी पण थांबली. पुन्हा दिवे. विष्णू म्हणाला, अगं, तो जा म्हणतोय तुला. तिचा विश्वास बसेना. एवढं मोठं धूड, आणि ते माझ्यासाठी थांबलंय? पलीकडून लॉरीवाल्याने काचेतून हात हलवला, हसला, ये ये, बाई. पूल ओलांडल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि ती रडली. इथे येऊन सहा महिने झाले होते आणि दुकानात, ऑफिसात, शेजारी, कोणी तिला आधी जा असं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती या रस्त्यांवर कधी परकी नव्हती. ती लाइट द्यायची, लाइट घ्यायची, हात वर करायची. दिवसभरात कुणाशी बोलणं न होवो, रस्त्यावर चारसहा अनोळखी माणसांशी देवाणघेवाण व्हायचीच.

हे अंशुमनला सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिचा मुलगा इन्शुरन्समध्ये आहे, जोखमीचं गणित करणं हाच त्याचा धंदा, आणि तो घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर डोक्यावर छतातून त्याचा आवाज येत असतो. अपघातानंतर तो रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने जेवायच्या टेबलावर शांतपणे सांगितलं, आई, हायवे कोडमध्ये लिहिलंय, लाइटचा अर्थ फक्त मी इथे आहे. दॅट्स ऑल. त्याच्यावर कधी ट्रस्ट करायचा नाही. टॅक्सी करत नाही, म्हणून टॅक्सीला ते झालं नसतं. मग त्याने मैलांचं काढलं. इतक्या मैलांत माणसं किती वेळा ठोकतात आणि ही गाडी किती वेळा, फरक थोडाथोडका नाही. माणसं पितात, फोन बघतात, डुलक्या घेतात, भांडून घराबाहेर पडतात. वैजयंती म्हणाली, मी पीत नाही, डुलक्या घेत नाही, त्या बेवड्यांनी केलेला खूनखराबा माझ्या नावावर का मांडतोस? आणि तुझे हे मैल झाले कुठे? कुठल्या तरी उन्हातल्या रुंद रस्त्यांवर ना? इथल्या डिसेंबरातल्या चिखलात किती झाले? यावर त्याने मान हलवली. प्रामाणिक आहे पोरगा, ते बापाचं. म्हणाला, खरं आहे, इथला डेटा अजून कमी आहे, पक्कं कोणालाच सांगता येणार नाही. आणि मग अगदी हळू, तिला दुखू नये अशा आवाजात म्हणाला, "पण आई, तुझा पण डेटा आहे ना."

तुझा पण डेटा. त्या दिवसापासून हे वाक्य तिच्या कानात खडा पडावा तसं पडून होतं. एवढ्या वर्षांत तिने जे जे ठोकलं नाही, त्याचा कुठेच डेटा नव्हता. बर्फात ज्या पोराला तिने चुकवलं, धुक्यात ज्या हरणासाठी ती थांबली, मोटरवेवर पेंगणाऱ्या ज्या ट्रकपासून ती चार हात लांब राहिली, ते कुठे मांडतात? जे झालं नाही ते कुणाच्या खात्यावर जात नाही. झालं ते एकच, आणि ते एक म्हणजे वैजयंती. आणि मी बाकीच्यांपेक्षा बरी चालवते असं म्हणायची सोयही त्याने ठेवली नव्हती, कारण ते ती म्हणाली होती तेव्हा तो हसला होता. हसण्यात कुत्सित काही नव्हतं. "एव्हरीवन थिंक्स दॅट, आई." तेही खरंच असणार. या मुलाचं सगळंच खरं असतं, आणि त्या खरेपणाने तो माणसाला उचलून नीट कडेला ठेवून देतो.

टॅक्सीने तिला दाराशी उतरवलं तेव्हा अंशुमन बाहेर ड्राइव्हवर होंडा धूत होता. आतून व्हॅक्यूम पण केला होता. चारही दारं सताड उघडी, मागच्या सीटवरची तिची छत्री, विष्णूचा जुना मफलर, अन्वीच्या बिस्किटांचं पाकीट, सगळं एका पिशवीत भरून पायरीवर ठेवलेलं. वैजयंतीने विचारलं, हे काय. तर म्हणे, संध्याकाळी सहाला एक जण येतोय, गाडी न्यायला. चांगला माणूस वाटला फोनवर. तू ओके म्हणाली होती ना, आई? तिने आठवून पाहिलं. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं होतं, गाडी काढून टाकू या का, आणि ती म्हणाली होती, बघू. बघू! पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं की बघू म्हणजे नाही, फक्त तुझं मन मोडायचं नाही म्हणून नाही. पण हा इथे जन्मला, इथे शिकला. याला कोण सांगणार. आणि दोष तरी कुणाला द्यायचा, या घरात याला मराठी तिनेच शिकवली होती. तिने पिशवी उचलली आणि ती आत गेली. मफलर बाहेर काढला. त्याला गाडीचा वास होता, जुन्या प्लॅस्टिकचा आणि खोकल्याच्या हॉल्स गोळ्यांचा. मनगट सुजायला लागलं होतं, जांभळं. तिने बाही खाली ओढली.

दुपारी अन्वीला आणायला टॅक्सी आली. वेळेवर, अर्थात. घरापुढे येऊन उभी राहिली, दिवे लावून, दार उघडायच्या तयारीत. वर अंशुमन कुणाला तरी जोखीम समजावून देत होता. हॉलमधल्या टेबलावर त्या चांगल्या माणसासाठी गाडीची किल्ली मांडून ठेवली होती, किल्लीला लावलेला छोटा पितळी गणपती काढून बाजूला ठेवलेला. त्या गणपतीने केला घोटाळा. किल्ली नुसती असती तर वैजयंती कदाचित गपचूप टॅक्सीत जाऊन बसलीही असती. पण सोडवून बाजूला ठेवलेला तो गणपती बघितला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने गणपती मुठीत घेतला, किल्ली घेतली, दार आपटलं नाही, उलट अगदी हळू लावून घेतलं आणि टॅक्सीच्या नाकासमोरून होंडात जाऊन बसली. क्लच, पहिला गिअर. मनगटातून कळ आली. येऊ दे. गाडी फुटपाथवरून खाली उतरताना आरशात तिला वरच्या खिडकीतला पडदा हललेला दिसला.

ती वाईट चालवत होती. हे तिला स्वतःला कळत होतं आणि त्याचाही राग येत होता. भांडून घराबाहेर पडतात, त्यांतलीच आज ती एक. शहराच्या मोठ्या ग्रिड रोडला लागताना तिने मर्यादेपेक्षा जास्त वेग घेतला, मग भानावर येऊन इतका कमी केला की मागच्याने तोंड वेडंवाकडं केलं. मग ते छोटं राउंडअबाउट आलं. उजवीकडून एक गाडी, तिने लाइट दिला आणि वैजयंतीचा पाय क्लचवर तसाच राहिला. जा म्हणतोय की सरक म्हणतोय? कुठला आहे हा? इथला की तिथला? काचेवर ऊन होतं, चेहरा दिसेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला एका लाइटचा अर्थ लागेना, आणि तिला रडू फुटेल असं वाटलं. हेच केलं होतं यांनी. गाडी आज नेणार होते, पण ती देवाणघेवाण तर कधीच काढून घेतली होती. मागे हॉर्न वाजला, ती दचकून सुटली आणि फाटा चुकली. मग पुढच्या राउंडअबाउटवरून वळून, त्याच्याही पुढच्यावरून पुन्हा वळून, या गावात एकदा फाटा चुकला की जो वेढा पडतो तो सगळा घालून, ती शाळेपाशी पोचली तेव्हा शाळा सुटून गेली होती.

शाळेची गल्ली म्हणजे नव्या शहराने गिळलेल्या जुन्या खेड्यातली. दगडी घरं, दोन्ही बाजूंना आईबापांच्या गाड्या लावलेल्या, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वैजयंती निम्म्यात आली आणि समोरून टॅक्सी आली. तीच, किंवा तशीच. त्या सगळ्या तशाच असतात. मागच्या सीटवर अन्वी होती आणि तिच्याशेजारी अंशुमन. म्हणजे दाराशी उभ्या टॅक्सीतच बसून तो निघाला, हिच्याआधी पोचला आणि पोरीला घेऊन परत फिरलादेखील. कोणतंही मोठं माणूस. वैजयंतीने डावीकडच्या फटीत होंडाचं नाक घातलं, आरसा भिंतीला लागेल इतकी कडेला घेतली आणि बोटाने आपोआप लाइट दिला. ये, तू आधी. टॅक्सी आली नाही. जागा होती. कुठलीही बाई, कुठलाही बाप्या आरसा मिटून, श्वास रोखून निघून गेला असता. लॉरीवालासुद्धा गेला असता. पण हिचं माप ठरलेलं होतं आणि त्या मापात ही फट बसत नव्हती. वैजयंतीने पुन्हा लाइट दिला. पुन्हा. मग तिने हात उचलून ये ये केलं, त्या रिकाम्या सीटला, आणि स्वतःची इतकी चीड आली तिला की तिने हाताची मूठ करून स्टिअरिंगवर आपटली. टॅक्सीच्या मागे एक, मग दुसरी, मग तिसरी गाडी येऊन लागली. आता टॅक्सीला मागे जायलाही जागा उरली नाही.

अंशुमन उतरला. गाड्यांमधून अंग चोरत तो तिच्या खिडकीपाशी आला आणि वाकला. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. घाबरला होता तो. तिला एकदम दिसलं, की हा घाबरलाय, आणि टॅक्सीला नाही, मला घाबरलाय.

"आई, मागे घे ना. टॅक्सीच्या मागे सगळे अडकलेत."

"तिला सांग."

"तिला नाही सांगता येत. यू नो दॅट."

मागे मोकळी वाट होती, ती फक्त वैजयंतीकडे. समजूतदार माणसाने घ्यावीच मागे, हे तिलाही कळत होतं. तिने आयुष्यभर घेतली होती. पण मग ही सुरक्षित कशाने? बाकीचे सगळे हिच्यासाठी मागे सरतात, म्हणून? ही ना कुणाला या म्हणणार, ना कुणाचं या ऐकणार, आणि मग घरोघरी हिचे मैल मोजून दाखवणार. तिने इंजिन बंद केलं. किल्ली काढली नाही, नुसती त्यावर बोटं ठेवली.

"अन्वीला माझ्या गाडीत आणून बसव," ती म्हणाली. "मग घेते मागे."

तो तसाच वाकलेला राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग टॅक्सीकडे, मग किल्लीवरच्या तिच्या बोटांकडे. गणित करताना त्याचा खालचा ओठ आत जातो, अगदी लहानपणापासून. वैजयंतीने गुणाकाराच्या पाढ्यांपासून तो ओठ बघितला होता. आताही तो आत गेला. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. तो नाही म्हणत नव्हता, तो मोजत होता. आईला, स्वतःच्या आईला, या गल्लीत उभं राहून मोजत होता, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत तशीच बसली होती, निकालाची वाट बघत. यासाठी मी तुला कधी माफ करणार नाही, असं ती मनात म्हणाली, आणि तेव्हा ते तिला अगदी खरं वाटलं. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. अंशुमन सरळ झाला, टॅक्सीपाशी गेला, दार उघडलं आणि अन्वीला, तिच्या दप्तराला आणि बूस्टर सीटला घेऊन आला. हॉर्नमुळे आणलं की आणायचं ठरलं होतं म्हणून आणलं, ते आता कधीच कळणार नव्हतं. त्याने पोरीला मागे बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढून बघितला. मग तो पुढे डाव्या सीटवर येऊन बसला. बापाच्या जागेवर.

"सहाला तो माणूस येणार आहे," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे. चहा कर त्याला. मी घरी नसेन आणि गाडीही नसेल."

तिने मागे घेतली. दोन्हीकडच्या आरशांमधून, लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून, एकदाही न थांबता, गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि तिथे एका फाटकापाशी नीट कडेला लावली. टॅक्सी रिकामीच समोरून निघून गेली, वळणाचा दिवा वेळेवर लावून. तिच्यामागून अडकलेल्या गाड्या एकेक करून गेल्या आणि एकेकाने जाता जाता हात वर केला. वैजयंतीनेही प्रत्येकाला हात वर केला. मागून अन्वी म्हणाली, "आजी, तुला सगळे लोक हॅलो करते." वैजयंती पुन्हा गल्लीत शिरली, पलीकडून बाहेर पडायला. राग तसाच होता, तसूभर कमी झालेला नव्हता. घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते तिने एकामागून एक लावायला घेतलं होतं. तेवढ्यात दोन गाड्यांच्या मधून एका बाबागाडीचं पुढचं चाक रस्त्यावर आलं. नुसतं चाक, आई अजून मागेच. वैजयंतीने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली, इंजिन बंद पडलं. बाबागाडीवाल्या बाईने चाक मागे ओढलं आणि छातीवर हात ठेवून मान डोलावली. आणि मग वैजयंतीने खाली बघितलं. तिचा डावा हात अंशुमनच्या छातीवर आडवा पडला होता, पंजा पसरून, त्याला सीटला दाबून धरत. एवढं सगळं झाल्यावर. एवढं सगळं त्याने बोलल्यावर. तिला आपल्याच हाताचा इतका राग आला की तिने तो मागे ओढायला घेतला. पण अंशुमनने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. बाही वर सरकली होती. तो मनगटाकडे बघत होता, आणि पंजाखाली त्याचं काळीज धडधडत होतं.

"आई, हे कधी लागला तुला?"

"सोड," ती म्हणाली. "गिअर टाकायचाय मला."